ओव्हाळबाईंची काळी चार

अंबरनाथच्या बुवापाड्यात राजरत्न भालेरावला पूर्ण नावाने हाक मारणारी माणसं थोडी. बाकी सगळ्यांचा तो राजू पेटीवाला. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तो ऐन जवानीपासून ड्रम भरत आला, नखांच्या कडांतला हिरवा रंग आंघोळीने जात नसे. पण त्याला राजू रंगवाला असं कधी कुणी म्हटलं नाही. माणूस पोट कशावर भरतो हे वस्तीला ठाऊक असतं, आणि तो जगतो कशावर हेही ठाऊक असतं.

पेटीची साथ करणाऱ्यांचा एक स्वभावच होऊन जातो. गाणाऱ्याचा श्वास संपला की त्याने सोडलेला स्वर आपण धरून ठेवायचा. गाणारा अंतऱ्यात वाट चुकला की दोन सुरांची पायवाट करून त्याला घरी आणायचं, आणि हे ऐकणाऱ्याला कळूही द्यायचं नाही. राजूने ही कला पेटीपुरती ठेवली असती तर फार बरं झालं असतं. पण त्याने ती संसारालाही लावली. त्याची बायको संध्या अंगणवाडीत होती, बोलायला फटकळ. ती म्हणे, "भाजी खारट झाली ना, तरी हा माणूस दुसऱ्यांदा मागून घेईल. मग मला कळायचं कसं, मीठ जास्त पडलं ते?"

ह्या खोडीला खतपाणी मिळालं ते त्याच्या बापाच्या आजारपणात. शंकरराव भालेराव म्हणजे एकेकाळचे नावाजलेले शाहीर. कारखान्यात पाळी करून रात्री जलसे करायचे. त्यांची गाणी अंबरनाथपासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत लोकांच्या तोंडी होती. म्हातारपणी अर्धांगाने ते खाटेला खिळले तेव्हा त्यांची जलशाची पार्टी केव्हाच मोडली होती. ढोलकीवाला ऑर्केस्ट्रात गेला, कोरसमधली पोरं डीजेमागे लागली. पण राजू रोज संध्याकाळी बापाच्या उशाशी बसून सांगायचा, "बाबा, काल कॅम्प दोनला कार्यक्रम झाला. लोकांनी तुमचंच गाणं दोनदा मागून घेतलं." म्हाताऱ्याच्या चांगल्या बाजूचा डोळा भरून यायचा. ते समाधानाने गेले. मायेपोटी बोललेलं खोटं कुणाचं वाईट करत नाही, असा धडा राजू त्यातून शिकला, आणि ह्या शहाण्याने तो जन्मभर पुरेल म्हणून गाठीला बांधून ठेवला.

शंकररावांनी मागे दोन गोष्टी ठेवल्या. एक त्यांची जुनी, साधी पेटी, जी विहाराच्या कपाटात पडून होती. दुसरी उन्हाळ्याची बैठक. वैशाखी पौर्णिमेनंतरच्या रविवारी विहाराच्या आतल्या खोलीत गाणं व्हायचं, आणि नियम असा की माईक नाही, कर्णा नाही. "वर्षभर आपण कर्ण्यावरच ऐकतो," शंकरराव म्हणायचे, "एक दिवस माणसाचा आवाज माणसाच्या कानांनी ऐकू." खिडक्यांना ओली गोणपाटं लावायची, माठात वाळा टाकायचा, सतरंजीवर दाटीवाटीने बसायचं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असायचं. कारखान्यातले कामगार यायचे, मास्तर यायचे, बदलापूर-चामटोलीकडून चार जाणकार यायचे, आणि वस्तीतल्या बायका तर हटकून यायच्या. बायका यायच्या त्या ओव्हाळबाईंसाठी.

शालन ओव्हाळ नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होती. मुलगी असताना ती शंकररावांच्या पार्टीत कोरसला उभी राहायची. तिचा गळा ऐकून त्यांनीच तिला कल्याणच्या एका गुरुजींकडे धाडलं. लग्न, मुलगी, नवऱ्याचं अकाली जाणं, शाळा, सगळं सांभाळून तिने गाणं टिकवलं. रेडिओवर गेली नाही, कॅसेट निघाली नाही. तिचं नाव व्हायचं ते ह्या एका खोलीत, वर्षातून एकदा. आणि तिचा अभिमान म्हणजे काळी चार. पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा. विशीत तोच आणि पन्नाशी उलटल्यावरही तोच. बरोबरीच्या बायका वयाबरोबर एकेक पट्टी खाली उतरत गेल्या. शालनताई कुणाची टिंगल करत नसे, पण कुणी विषय काढलाच तर पदर सारखा करत म्हणायची, "आपली बाई काळी चार. मरेपर्यंत."

बैठकीचा शेवट ठरलेला असे. शंकररावांनी रचलेलं रमाईचं गाणं. त्याच्या शेवटच्या ओळीला शालनताई वरच्या सप्तकातल्या गंधारावर जाऊन उभी राहायची. घाई नाही, दाखवणं नाही, नुसतं उभं राहणं. तिथे पोचली की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. पुढे वर्षभर धुण्याच्या दगडावर त्या गंधाराच्या गोष्टी चालत.

राजू तिच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान. तो तिला ताई म्हणे, ती त्याला राजा म्हणे. दर रविवारी सकाळी तो आपली पेटी स्कूटरवर बांधून तिच्या घरी जायचा, तिचा तंबोरा लावून द्यायचा आणि दोघं रियाजाला बसायची. तंबोरा लावायचं काम पहिल्यापासून त्याचं. तिला येत नव्हतं असं नाही, पण ती म्हणे, "तुझ्या कानावर माझा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे." तिच्या घरात पेटी नव्हती, लागतही नव्हती. राजू लावून जाईल तो सूर, त्या सुरात ती आठवडाभर गायची.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्याआधी एका रविवारी रमाईच्या गाण्यात तिचा गंधार लागला नाही. खोकली, पाणी प्यायली, पुन्हा गेली. पुन्हा अलीकडेच राहिली. "खडूची धूळ," ती म्हणाली. पुढच्या रविवारीही तेच झालं. ह्या वेळी ती खिडकीबाहेर बघत बसली. तिचं ते बघणं राजूला सहन झालं नाही.

राजूची पेटी स्केल चेंजरची होती. तिला एक खटका असतो. तो सरकवला की सगळ्या पट्ट्या मिळून एक घर बाजूला सरकतात. बोट त्याच काळ्या चारवर, पण निघतो तो खालचा सूर. त्याच्या पुढच्या रविवारी राजूने घरूनच खटका एक घर खाली सरकवून आणला. तंबोराही त्या सुराला लावला. शालनताईने बघितलं, बोट काळ्या चारवर आहे. डोळे मिटून गायली आणि गंधारावर जाऊन उभी राहिली. मग खुदकन हसली. "बघ राजा! धूळच होती की नाही?"

"धूळच होती, ताई," राजू म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की परतताना त्याने घरी जिलेबी नेली.

राजूखेरीज आणखी एका माणसाला हे कळणं भाग होतं. तो म्हणजे मुकेश. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये त्याचं चेन-बटणांचं दुकान, जीन्स शिवणाऱ्यांना माल पुरवायचा. सिंधी माणूस, पण तबल्यापायी बुवापाड्याचा झालेला. बैठकीआधी एकदा तालमीला आला तेव्हा तबल्याचा दाया सुराला मिळेना. हातोडी मारून मारून घामाघूम झाला. शालनताई आत चहा टाकायला गेली तसा तो कुजबुजला, "राजूभाई, ये क्या लफडा है? माझा दाया येडा झाला की तुझी पेटी?"

राजूने खटक्याकडे डोळ्यांनी खूण केली. मुकेशने हातोडी खाली ठेवली.

"बाईला माहीत आहे?"

"नाही."

"बोल ना मग. उमर होते, सगळ्यांची पट्टी उतरते. उसमें क्या शरम?"

"बोलतो. बैठक होऊन जाऊ दे."

बैठक झाली. गंधार लागला, पदर डोळ्यांना लागले. राजू बोलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात खटका आणखी एक घर सरकला आणि मुकेशने कुरकुरत खालच्या सुरासाठी मोठ्या तोंडाचा दाया घेतला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. मधल्या पावसात पुराचं पाणी राजूच्या घरात शिरलं आणि पेटी भिजली. ती त्याने कॅम्प दोनला दुरुस्त करून आणली, पण आल्यावर आधी काय बघितलं, तर खटका चालतो का. आता बोट काळ्या चारवर असायचं आणि सूर निघायचा तीन घरं खालच्या पांढऱ्या चारचा. आवाज जाड झाला होता. ऐकणारे म्हणाले, "ओव्हाळबाईंच्या गळ्याला काय वजन आलंय!" तीही तेच मानून चालली. चहा ती निववून पिऊ लागली, भाकरीचा घास घोटभर पाण्याबरोबर उतरवू लागली. हे राजूच्या डोळ्यांसमोर होतं. त्याने त्यालाही वय हेच नाव दिलं. सगळ्या शंकांना एकच नाव दिलं की डोक्याला ताप होत नाही.

संध्याने एकदा विचारलं होतं, "अहो, शालनताईंचा आवाज बसल्यासारखा का येतो? दाखवलं का कुठे?"

"बसलेला नाही. भारदस्त झालाय."

"मीठ जास्त पडलंय," संध्या म्हणाली आणि भांडी घासू लागली.

दोन हजार सहाच्या बैठकीला उन्हाने कहर केला होता. भारनियमनामुळे दुपारपासून वीज नव्हती. गोणपाटं घडीघडीला वाळत होती. खोली माणसांनी ठासून भरलेली. पुढच्या ओळीत सखूआजी, शंकररावांच्या पार्टीतली शेवटची उरलेली कोरसवाली, पुठ्ठ्याने वारा घेत बसली होती. शालनताईने मुलतानी रागातली चीज गायला घेतली. सूर तीन घरं खाली असूनही तिला ती जड जात होती. राजू स्वर धरत होता, पायवाटा काढत होता, घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मुलतानी निभावली. लोकांनी वाहवा केली, कोकमाचं सरबत फिरलं.

आता रमाईचं गाणं. राजूने भाता हलवला आणि पेटी किंचाळली. पुरात फुगलेलं लाकूड त्या उन्हात आक्रसलं होतं. खटका घरातून सुटला तो परत बसेना, पट्ट्या अधल्यामधल्या जागी अडकल्या, आणि एका पट्टीला दोन सूर एकदम ओरडू लागले. राजूने दाबलं, ठोकलं, खालून पाना लावला. काही होईना.

"शंकररावांची पेटी आहे ना कपाटात," मागून कुणीतरी म्हणालं, आणि त्याच्या हो-नाहीची वाट न बघता दोघांनी ती काढून धूळ पुसून त्याच्यापुढे आणून ठेवली. साधी पेटी. खटका नाही. जी पट्टी दिसते तोच सूर.

राजूने मनात हिशेब केला. काळी चार दाबली तर खरी काळी चार वाजणार, आणि ती ताईला झेपणार नाही. पांढरी चार दाबली तर तंबोऱ्याशी सूर मिळेल, पण ताईची नजर पट्टीवर आहे. त्याने पांढरी चार दाबली.

"राजा," शालनताई हळूच म्हणाली, "ती पांढरी आहे."

"जुनी पेटी आहे, ताई. हिचे सूर चढलेत."

हे त्याच्या तोंडून इतकं सहज आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. तिने मान डोलावली. मग थांबली. सुराची बाई होती ती, जन्मभर मुलांना शिकवलेली बाई. "काळी चार दे बघू. किती चढलेत बघते."

त्याने दिली. खोलीतल्या कुणाला काही कळलं नाही, पण तिला कळलं. पेटी कितीही जुनी झाली तरी तीन घरं चढत नाही. तिने तंबोऱ्याची तार छेडली, पेटीचा सूर ऐकला, पुन्हा तार छेडली. मग मुकेशकडे बघितलं. मुकेशने मान खाली घातली आणि हातोडी घेऊन सुरात असलेला तबला उगाच ठोकू लागला. तो बिचारा खोटं बोलण्यात कच्चा होता.

"तंबोरा चढव," शालनताई म्हणाली.

"ताई, आज राहू दे. दोन ओळी म्हणून–"

"चढव."

राजूने तंबोरा मांडीवर घेतला आणि भर बैठकीत एकेक खुंटी पिळत तो वर नेला. लोक वारा घेत बसून होते. बिघडलेल्या पेटीमुळे होतंय असंच ते समजले. मुकेशने पिशवीच्या तळातून जुना लहान दाया काढला. तो त्याने दोन वर्षं तसाच जपून का आणला होता, देव जाणे.

शालनताई काळ्या चारात गाऊ लागली. पहिलं कडवं ओढून नेलं. दुसऱ्याला शब्द घासत होते. शेवटच्या ओळीला तिने डोळे मिटले, हात वर नेला आणि गंधारावर जायला तोंड उघडलं. तिथे आवाज फाटला असता तरी चाललं असतं. लोकांनी समजून घेतलं असतं. पण काहीच आलं नाही. नुसता वारा आला. बायकांनी डोळ्यांकडे नेलेले पदर तसेच हातात राहिले.

राजूने गंधाराची पट्टी दाबून धरली, भाता ओढत राहिला. झाकायला जागाच नव्हती. तेवढ्यात पुढच्या ओळीतल्या सखूआजीने आपल्या चिरक्या आवाजात ती ओळ उचलली, जमेल त्या सुरात. मग तिच्यामागे बायका, मग सगळी खोली. रमाईचं गाणं बुवापाड्याने पुरं केलं. शालनताई मध्ये तोंड मिटून बसली होती.

लोक पांगले. "जय भीम, बाई. ऊन फार होतं आज," असं म्हणत एकेक जण पाया पडून गेला. विहाराच्या पायरीवर ती चपला घालायला थांबली तेव्हा राजू तंबोरा घेऊन मागे उभा होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

खरं सांगायची वेळ होती, आणि सांगायला कुणी अडवलं नव्हतं. "गेल्या वर्षापासून, ताई," तो म्हणाला. जखम थोडी लहान करावी असं त्याला वाटलं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

पंधरवड्याने तिची मुलगी मीनल बदलापूरहून आली आणि आईला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. शालनताईने हट्ट धरला की राजाही हवा. डॉक्टरांनी आरशाने घसा बघितला, मानेवर बोटं फिरवली. मग विचारलं, "आवाज कधीपासून बदललाय?"

"आईचं म्हणणं, वर्षभर," मीनल म्हणाली.

शालनताई खुर्चीत वळली. "मला कसं कळणार?" तिचा आवाज आता कोरड्या पाचोळ्यासारखा येत होता. "माझा सूर ह्याच्याजवळ असतो. ह्याला विचारा."

डॉक्टरांनी राजूकडे बघितलं. भिंतीवर घशाचं रंगीत चित्र होतं. राजू त्या चित्राकडे बघत म्हणाला, "तीन वर्षं. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा उतरला."

"तीन?" मीनल म्हणाली. "काका, तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं?"

डॉक्टर भला माणूस होता. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर काय झालं असतं, ते तो बोलला नाही. पण मीनलने विचारलंच, तेव्हा त्याला सांगावं लागलं. अशी गाठ सुरुवातीला सापडली तर बहुतेकदा आवाजासकट माणूस वाचवता येतो. वरचे सूर जाणं ही अशा गाठीची पहिली खूण असू शकते. गाणाऱ्या माणसाला ती सगळ्यात आधी कळते. "तुम्हाला तर लगेच कळायला हवं होतं, बाई," तो शालनताईला म्हणाला.

शालनताईने राजूचं नाव घेतलं नाही. घरी परतताना रिक्षात ती मीनलच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली आणि राजू पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर. त्या दिवशी तो घरी येऊन संध्याला सगळं बोलला. संध्या फटकळ बाई, पण ह्या वेळी तिने नुसतं त्याच्यापुढे ताट ठेवलं. आमटीत मीठ घालायचंच राहून गेलं होतं. "अळणी आहे," राजू म्हणाला. लग्नापासून पहिल्यांदा म्हणाला, आणि हुंदके देऊन रडला.

पावसाळ्यात मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. गाठीबरोबर स्वरयंत्र गेलं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर ती पांढरा रुमाल बांधी. बोलायचं ते नुसते ओठ हलवून. राजूने धरून चाललं होतं की आता त्या घराचा उंबरा आपल्याला बंद. पण दिवाळीनंतर मीनलचा फोन आला. ती आता आईजवळच राहायला आली होती. आवाजात ओलावा नव्हता. "काका, आई म्हणतेय, रविवारी तंबोरा लावायला या."

तो गेला. शालनताई सतरंजीवर बसली होती. शेजारी शंकररावांची पेटी. विहाराच्या लोकांकडून तिने ती मागून आणवली होती. राजूने तंबोरा लावला, म्हणाला, "लागला, ताई." तिने मान हलवली नाही. पेटी पुढे ओढली, एका हाताने भाता, दुसऱ्या हाताचं बोट काळ्या चारवर. सूर धरून ठेवला आणि तंबोऱ्याची एकेक तार छेडून पडताळली. चारही. मग ओठांनी म्हणाली, "ठीक."

दर रविवारी हेच. शिव्या दिल्या असत्या तर त्याने पोटभर खाल्ल्या असत्या. पण ती रागावत नव्हती. ती फक्त पडताळत होती. ज्याच्या कानावर तिने जन्मभर डोळे मिटून भरवसा ठेवला, त्याच्या प्रत्येक तारेची ती आता परीक्षा घेत होती, आणि राजू हात मांडीवर ठेवून निकालाची वाट बघत बसायचा. ती पास करायची. मग तंबोरा छेडत बसायची, गाण्यावाचून. थोड्या वेळाने तो उठून जायचा.

गाठ परत आली. पुन्हा औषधं, सलाईन, ओकाऱ्या, गळालेले केस. वैशाख आला. विहारात त्या वर्षी बैठक नको असं लोकांनी ठरवलं, पण तो रविवार आला तसा राजू तंबोरा लावायला गेला. ती भिंतीला उशी लावून टेकली होती, हात काडीसारखे. त्याने खुंट्या पिळल्या. पहिली तार जुनी झाली होती, ताण दिला तर तुटेल असं वाटलं, म्हणून त्याने ती केसभर अलीकडेच सोडली आणि बाकीच्या तिच्याशी मिळवल्या. पुढच्या रविवारी नवी तार आणू असं मनाशी म्हणाला.

"लागला, ताई."

शालनताईने पेटीकडे हात नेला नाही. त्याच्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. लागला म्हणालास ना, मग लागला, अशी.

माफ केलं, राजूला वाटलं. तो डोळे पुसत पाणी प्यायला म्हणून आत गेला. मीनल ओट्यापाशी पेज ढवळत होती. "आज पडताळलं नाही ताईंनी," तो म्हणाला. लहान मुलासारखा सांगत होता तो.

मीनलने गॅस बारीक केला. "काका, तिला ऐकू येत नाही. औषधांनी कान गेले. परवा कुकरची शिट्टी झाली तरी तिने वळून बघितलं नाही." मग म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, काकांना सांगू का? तर नको म्हणाली."

राजूने पाणी न पिताच पेला ओट्यावर ठेवला. तो बाहेर आला. शालनताईने तंबोरा जवळ ओढून घेतला होता. भोपळ्यावर तळहात ठेवून ती तार छेडत होती. जे काही पोचत होतं ते हातातून पोचत होतं. त्याची चाहूल लागली तसं तिने वर बघितलं, पुन्हा त्याच्या ओठांकडे. तिचे ओठ हलले.

"काळी चार?"

तिला कळणार नव्हतं. ह्या जगात कुणालाच कळणार नव्हतं. राजू तिच्यासमोर बसला, तिला नीट दिसेल असं तोंड तिच्याकडे केलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "नाही, ताई. उतरलेला आहे. मी खोटं बोललो."

त्याने तंबोरा मांडीवर घेतला, जुन्या तारेचं काय व्हायचं ते होवो म्हणून खुंटी हळूहळू पिळू लागला. शालनताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे करून भोपळ्यावर ठेवला, आणि सूर लागेपर्यंत तो तिथेच ठेवला.